फ्लॅगशिप किलर फोन चार-पाच वर्षं नीट कसा चालवायचा

टॉपचा प्रोसेसर, भारी डिस्प्ले आणि किंमत मात्र खऱ्या फ्लॅगशिपच्या, म्हणजे कंपनीच्या सगळ्यात महागड्या फोनच्या, बरीच खाली, असे फोन मी वर्षानुवर्षं वापरतेय आणि एक फोन हातात आला की तो पूर्ण थकेपर्यंत सोडत नाही. या फोनांबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतलं असतं, म्हणजे बेंचमार्क (वेगाच्या चाचणीचा आकडा) किती आला, गेम किती एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम) चालला वगैरे. तिसऱ्या वर्षी तोच फोन दुपारीच चार्जर का मागायला लागतो आणि त्यावर काय करायचं हे सांगणारे कमी, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यावरूनच सुचत जातं. अशा फोनमध्ये सगळ्यात शेवटी म्हातारा होतो तो प्रोसेसर. ज्याच्या जोरावर कंपनी फोन विकते तो भाग पाच वर्षांनीही रोजच्या कामाला पुरून उरतो, पण त्याच्या आजूबाजूचं सगळं त्याच्या आधी थकतं: बॅटरी, अपडेट, स्टोरेज, चार्जिंग पोर्ट, स्क्रीन. किंमत खाली आणायला कंपनीनं हात आखडलेला असतो तोही नेमका इथेच कुठेतरी. त्यामुळे फोन टिकवायचा म्हणजे प्रोसेसरची काळजी सोडायची आणि जिथे पैसे वाचवलेत त्या जागा सांभाळायच्या.

हे काही आजचं नाही. २०१४ मध्ये वनप्लस वन आला तेव्हा त्यात स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसर होता, म्हणजे त्या वर्षीच्या महागड्या फोनांत असायचा तोच, पण सॉफ्टवेअर सायनोजेन या बाहेरच्या कंपनीच्या भरवशावर होतं आणि २०१६ च्या शेवटी सायनोजेननं गाशा गुंडाळला, मग ते काम लिनिएजओएस या नावानं हौशी डेव्हलपरांच्या कम्युनिटीनं पुढे चालवलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पोको एफ१ आला, स्नॅपड्रॅगन ८४५ घेऊन, लोक तुटून पडले, पण बॉडी प्लॅस्टिकची आणि सुरुवातीला त्यात वाइडवाइन एल१ (एचडी व्हिडिओसाठी लागणारं कॉपी-संरक्षण) नव्हतं, म्हणजे इतका तगडा प्रोसेसर असून नेटफ्लिक्स एचडीत दिसत नव्हतं, ते नंतर अपडेटनं आलं. कंपनीचं अधिकृत अँड्रॉइड १० वर थांबलं, पण लिनिएजओएसवर तो फोन त्यानंतरही वर्षानुवर्षं नव्या अँड्रॉइडसकट चालत राहिला. म्हणजे हार्डवेअरमध्ये दम होताच, कमी पडली ती बाकीची साथ.

घेतानाच काय बघायचं

आधी अपडेट. किती वर्षं अँड्रॉइडचं नवं व्हर्जन मिळणार आणि किती वर्षं सिक्युरिटी पॅच मिळणार हे दोन वेगळे आकडे असतात आणि दोन्ही बघायचे. आणि हे वर्षं मोजायची सुरुवात फोन बाजारात आला त्या तारखेपासून होते, तुम्ही घेतला त्या तारखेपासून नाही, इथे खूप जण फसतात. दीड वर्ष जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं तर तेवढी दीड वर्षं आधीच गेलेली असतात. गूगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला ७ वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस२४ ला तेवढंच दिलं, पण आपल्या फ्लॅगशिप किलर फोनना तेवढं मिळेलच असं धरून चालू नका, मॉडेलच्या नावासकट कंपनीच्या साइटवर लिहिलेलं बघा.

मग प्रोसेसरचं नाव. मी म्हटलं त्याची काळजी करायची नाही, पण घेताना एकदा बघून घ्यायचं, कारण गरम होणारा प्रोसेसर बाकी सगळ्यांना लवकर म्हातारं करतो. स्नॅपड्रॅगन ८८८ आणि ८ जेन १ हे दोन्ही तापण्यासाठी बदनाम होते, दोन्ही सॅमसंगच्या फॅक्टरीत बनलेले. २०२२ मध्येच आलेला ८ प्लस जेन १ टीएसएमसी या दुसऱ्या चिप बनवणाऱ्या कंपनीकडे बनला आणि नावात फक्त एक प्लस जास्त असला तरी वापरायला जमीन-अस्मानाचा फरक, थंड राहतो आणि बॅटरी कमी खातो. त्यामुळे एखादं मागच्या पिढीतलं मॉडेल घेणार असाल तर नुसतं ८ सिरीज आहे म्हणून खूश होऊ नका, पूर्ण नाव वाचा.

स्टोरेजला मेमरी कार्डची सोय यात सहसा नसतेच, म्हणून परवडत असेल तर मोठंच घ्या, रॅम वाढवण्यापेक्षा स्टोरेज वाढवणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं. शिवाय एकाच मॉडेलमध्ये छोट्या स्टोरेजला जुन्या पिढीची चिप असू शकते, गॅलॅक्सी एस२३ सारख्या महागड्या फोनमध्येही १२८ जीबीला जुन्या पिढीचं यूएफएस ३.१ आणि २५६ ला नवं, वेगवान यूएफएस ४.० होतं, मग स्वस्तातल्या फोनमध्ये तर नक्की तपासा.

अजून एक, जे स्पेसिफिकेशनच्या पार तळाशी लिहिलेलं असतं: यूएसबीचं व्हर्जन. सॉकेट टाइप-सी असतं पण आतून यूएसबी २.० निघतं, म्हणजे कागदावर ४८० एमबीपीएस (हे मेगाबिट, मेगाबाइट नाही) आणि प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ४० एमबीच्या आसपास, १०० जीबीचे फोटो-व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकायला पाऊण तास धरा. रोज हे काम नसेल तर सोडून द्या, व्हिडिओ काढणाऱ्यांनी मात्र हे बघितल्याशिवाय घेऊ नका. कॅमेऱ्यात मेन सेन्सरला ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे का तेवढं बघा, २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ हे फक्त मागे चार गोल दिसावेत म्हणून असतात.

पहिल्या आठवड्यात करून टाकायच्या गोष्टी

नवा फोन पहिले काही दिवस गरम होतो आणि बॅटरीही पटापट उतरते, कारण मागे सगळे फोटो सिंक होत असतात, अ‍ॅप्स ऑप्टिमाइझ होत असतात. आठवडाभर थांबा आणि मग बॅटरीबद्दल मत बनवा.

त्या आठवड्यात जाहिराती आणि फुकटची अ‍ॅप्स काढायची. स्वस्त किमतीचा काही भाग या मार्गानंही वसूल होतो हे लक्षात ठेवा. सेटिंगमध्ये जिथे जिथे रेकमेंडेशन, पर्सनलाइज्ड अ‍ॅड्स, अशी बटणं दिसतील ती बंद करत जा, फाइल मॅनेजर, थीम, म्युझिक, ब्राउझर, अ‍ॅप इन्स्टॉल करणारं अ‍ॅप, प्रत्येकाच्या आत जाऊन वेगळं बंद करावं लागतं, हे किचकट आहे पण एकदाच करायचं आहे. जे अ‍ॅप अनइन्स्टॉल होत नाही ते निदान डिसेबल करा. मोठ्या अपडेटनंतर यातली काही बटणं परत चालू झालेली सापडतात तेव्हा पुन्हा एक चक्कर मारायची.

याच्या उलटही एक त्रास आहे, बॅटरी वाचवायच्या नादात सिस्टिम कामाची अ‍ॅप्ससुद्धा मारून टाकते आणि मग अलार्म वाजत नाही, मेसेज फोन उघडल्यावरच येतात, स्मार्टवॉच सारखं डिस्कनेक्ट होतं. ज्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन वेळेत यायलाच हवं त्याच्या अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करा आणि ऑटोस्टार्टची परवानगी द्या. सगळ्यांना देऊ नका, मेसेजिंग, अलार्म, घड्याळाचं अ‍ॅप, ऑफिसचं मेल, एवढ्यावर थांबा.

रॅम एक्स्टेन्शन किंवा व्हर्च्युअल रॅम नावाचं जे असतं, ते ८ किंवा १२ जीबी रॅम असेल तर बंदच ठेवा. ते स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरतं, स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं आणि त्याच्यावर सतत लिहिणं-पुसणं वाढतं, मिळत काही नाही.

परफॉर्मन्स मोड, हाय परफॉर्मन्स, बीस्ट मोड, जे काही नाव असेल ते बंद. या प्रोसेसरचा ऐंशी टक्के वेगसुद्धा रोजच्या वापराला भरपूर आहे, वरच्या वीस टक्क्यांसाठी जी उष्णता तयार होते ती बॅटरीला भोवते. गेम खेळत असाल तर एफपीएस ६० वर लॉक करा, तासभर खेळून बघा, जास्तीत जास्त सेटिंगवर सुरुवातीला भारी वाटतं पण वीस मिनिटांनी फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो, त्यापेक्षा सुरुवातीपासून एकसारखा ६० बरा.

बॅटरी, म्हणजे या सगळ्यातला मेन विषय

लिथियम-आयन बॅटरीचे शत्रू दोन, उष्णता आणि खूप वेळ फुल चार्ज राहणं. दोन्ही एकत्र आले की तर बघायलाच नको, म्हणजे १०० टक्क्यांवर चार्जर लावून ठेवलेला आणि वरून गरम झालेला फोन. सायकल म्हणजे काय तेही बऱ्याच जणांना चुकीचं माहीत असतं: दर वेळी चार्जर लावला की एक सायकल असं नसतं, एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल, म्हणजे आज ५० टक्के वापरून भरली आणि उद्या परत ५० वापरली तर दोन दिवसांत एक सायकल झाली. त्यामुळे थोडं थोडं चार्ज केल्यानं काही बिघडत नाही, उलट चांगलंच.

बॅटरी किती टिकते याचा अंदाज यावा म्हणून सांगते, अ‍ॅपल आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलना ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगायचं, १५ पासून ते १००० सायकल झालं. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमात ८०० सायकलनंतर किमान ८० टक्के उरायला हवी अशी अट आहे, आणि महत्त्वाचे सुटे भाग विक्री बंद झाल्यानंतर ७ वर्षं मिळायला हवेत असंही आहे. रोज जवळपास एक सायकल होणाऱ्या माणसाची ५०० सायकल दीड वर्षात संपते, ८०० ला दोन वर्षांवर थोडं लागतं, म्हणजे तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलावी लागली तर फोन खराब निघाला असं समजू नका, ते ठरलेलंच आहे, फोन घेतानाच तो खर्च मनात धरून ठेवायचा.

मग करायचं काय. सेटिंगमध्ये ८० टक्के लिमिट असेल तर ते चालू करा आणि प्रवासाच्या दिवशी तेवढं बंद करा. लिमिट नसेल तर निदान अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑप्टिमाइझ्ड चार्जिंग चालू ठेवा, त्यात रात्री ८० वर थांबून सकाळी उठायच्या सुमाराला उरलेलं भरतं. खाली २० च्या आसपास आली की लावा, दर वेळी शून्यावर नेऊन फोन बंद पाडायची गरज नाही, ती जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातली सवय आहे.

फास्ट चार्जिंगबद्दल भीती जरा जास्तच पसरलीय. ८० किंवा १२० वॉटचे बरेच फोन आत दोन सेल ठेवून करंट वाटून घेतात आणि पूर्ण वेग फक्त सुरुवातीला असतो, बॅटरी भरत आली की वेग आपोआप खाली येतो. खरा प्रश्न उष्णतेचा. म्हणून घाईत असाल तेव्हा बिनधास्त फास्ट चार्ज करा, फक्त जाड कव्हर काढून ठेवा आणि फोन गादीवर किंवा उशीखाली ठेवू नका. रात्रभरासाठी मात्र साधा कमी वॉटचा चार्जर लावा, सात-आठ तास हातात असताना अर्ध्या तासात भरून बाकी रात्र १०० वर बसवण्यात काय अर्थ आहे.

सगळ्यात वाईट कुठे होतं ते सांगते. गाडीच्या काचेला लावलेला फोन, वरून ऊन, स्क्रीन फुल ब्राइट, नॅव्हिगेशन चालू आणि चार्जरही लावलेला. चारही बाजूंनी उष्णता. होल्डर एसीच्या जाळीवर लावा, मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा, आणि बॅटरी पुरेशी असेल तर चार्जर काढा. साधारण ३५ अंशांच्या वर बॅटरीची झीज चांगलीच वाढते. उलट टोकाला, शून्याच्या खाली तापमान असेल तर फोन आधी खोलीत थोडा गरम होऊ द्या आणि मग चार्जिंगला लावा, गोठलेल्या बॅटरीत करंट ढकलला की आत कायमचं नुकसान होतं.

बॅटरी बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं? काही फोन सेटिंगमध्येच सायकल काउंट आणि हेल्थ दाखवतात. तुमच्यात नसेल तर अ‍ॅक्यूबॅटरीसारखं अ‍ॅप काही आठवडे चालू ठेवून अंदाज येतो, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. पण आकड्यांपेक्षा लक्षणं बोलकी असतात: २५-३० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला आणि फोन फटकन बंद पडला, चार्जर लावल्यावर परत २० दाखवतोय, तर बॅटरीला एकदम जास्त करंट देणं जमत नाहीये. आणि मागचं पॅनल एका कडेनं उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन कडेला सुटल्यासारखी वाटली तर बॅटरी फुगलीय, त्या क्षणी फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, थेट दुरुस्तीला न्या. यात थांबायचं नसतं.

बदलून घेताना ओरिजिनलच मागा, आधी पूर्ण बॅकअप घ्या, आणि नवा अ‍ॅडहेसिव्ह लावणार का ते तोंडानं विचारा. फोन एकदा उघडला की पाण्यापासूनचं संरक्षण पहिल्यासारखं राहीलच याची खात्री नसते. ही एक बॅटरी बदलली की तीन वर्षांचा फोन अक्षरशः नवा वाटायला लागतो, कारण मघाशी म्हटलं तसं प्रोसेसर अजून तरुणच असतो. या फोनांवर करण्यासारखा हा एकमेव मोठा खर्च, आणि मी तो डोळे झाकून करते.

पोर्ट साफ करणं

चार्जर लावला तरी फास्ट चार्जिंगचं चिन्ह येत नाही, केबल हलवली की चार्जिंग तुटतं, केबल आत जाऊन खट्ट आवाज करत नाही. बरेच लोक इथे पोर्ट गेला म्हणून दुरुस्तीला धावतात. थांबा. टॉर्च मारून आत बघा. टाइप-सीच्या मध्यभागी एक पातळ पट्टी असते, जीभच म्हणा, तिच्या दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट असतात. खिशातली कापसाची धूळ तळाशी जाऊन बसते आणि दर वेळी केबल तिला आणखी दाबते, महिन्यांनी तिथे करड्या रंगाचा घट्ट थर तयार होतो आणि केबल अर्धा मिलिमीटर बाहेर राहते.

फोन बंद करा. लाकडी टूथपिक घ्या, टोक जाड असेल तर ब्लेडनं चपटं करून घ्या. मधल्या पट्टीला हात न लावता भिंतीच्या बाजूनं तळापर्यंत न्या आणि कडेकडेनं हलकेच खरवडत बाहेर ओढा. पहिल्यांदा काहीच येत नाही असं वाटतं, मग एकदम फेल्टच्या तुकड्यासारखी चकती निघते, ती बघून विश्वास बसत नाही की एवढं आत होतं. मग दुसरी बाजू. सुई, पिन, सिमची पिन, धातूचं काहीही नको, कॉन्टॅक्ट शॉर्ट होतात किंवा पट्टीच तुटते. तोंडानं फुंकर मारू नका, ओलावा आत जातो. काम झाल्यावर केबल लावा, खट्ट आवाज आला की समजा झालं. वर्षातून दोनदा केलं तरी पुरे.

एवढं करूनही फास्ट चार्जिंग येत नसेल तर केबल बदलून बघा. कंपन्यांचं स्वतःचं फास्ट चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि त्यांच्याच केबलवर पूर्ण वेगानं चालतं, दुसऱ्या चार्जरवर फोन कमी वॉटवर उतरतो, तो बिघाड नाही. म्हणून डब्यातली केबल जपून वापरा, आणि दुसरा चार्जर घ्यायचा तर तुमच्या फोनला पीडी किंवा पीपीएस (सगळ्या ब्रँडना चालणाऱ्या फास्ट चार्जिंगच्या पद्धती) किती वॉटपर्यंत चालतं ते बघून घ्या.

स्टोरेज भरू देऊ नका

फोन स्लो झाला म्हणून येणाऱ्या तक्रारींत निम्म्यांचं कारण हेच असतं असं माझं मत आहे. फ्लॅश मेमरीला लिहायच्या आधी रिकामी जागा तयार करावी लागते, मोकळी जागा कमी उरली की ती हलवाहलवीतच अडकते आणि अ‍ॅप उघडणं, फोटो सेव्ह होणं, सगळंच रखडतं. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, मग स्टोरेज अँड डेटामध्ये मॅनेज स्टोरेजला जाऊन ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि सतत फॉरवर्ड झालेले व्हिडिओ उडवा, इथेच कित्येक जीबी निघतात. फोन क्लीनर, रॅम बूस्टर असली अ‍ॅप्स टाकू नका, ती स्वतःच मागे चालत राहून बॅटरी खातात आणि वरून जाहिराती.

अपडेट आले तेव्हा आणि बंद झाले तेव्हा

महिन्याचा सिक्युरिटी पॅच आला की लगेच टाका. अँड्रॉइडचं मोठं व्हर्जन आलं की मात्र मी दोनेक आठवडे थांबते, त्याच मॉडेलच्या लोकांना काय अनुभव येतोय ते बघते, बॅकअप घेते आणि मग टाकते. मोठ्या अपडेटनंतर दोन-तीन दिवस फोन तापतो, तेवढं चालायचंच. त्यानंतरही तापत राहिला तर आधी सगळी अ‍ॅप्स अपडेट करा, एकदा रीस्टार्ट करा, बॅटरी युसेजमध्ये कोण खातंय ते बघा. फॅक्टरी रीसेट शेवटचा उपाय.

पॅच बंद झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी फोन फेकायचा असं नाही, ब्राउझर आणि बाकी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून अपडेट होतच राहतात. पण सिस्टिममधली भोकं आता बुजवली जाणार नाहीत हे खरं आहे, त्यामुळे बँकेचे व्यवहार अशा फोनवर फार काळ चालू ठेवू नयेत असं मला ठाम वाटतं.

कस्टम रॉमचा, म्हणजे कंपनीऐवजी लिनिएजओएससारखं दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड टाकण्याचा रस्ता आहे आणि जमणाऱ्यासाठी तो सुंदर आहे, पण नीट समजून जा. त्यासाठी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोनमधलं सगळं पुसलं जातं, बऱ्याच फोनवर वाइडवाइन एल१ वरून एल३ वर येतं म्हणजे ओटीटीवर एचडी बंद, आणि बँकेची, पेमेंटची अ‍ॅप्स प्ले इंटेग्रिटीच्या, म्हणजे फोनमध्ये छेडछाड झालीय का बघणाऱ्या गूगलच्या, तपासणीत अडकून चालायला नकार देऊ शकतात. काही कंपन्या अनलॉकसाठी वाट बघायला लावतात, काही देतच नाहीत. दुसरा फोन हाताशी असेल तर जुन्यावर लिनिएजओएस टाकून बघा, एकुलत्या एक फोनवर नको.

स्क्रीन, पाणी, कॅमेरा

अमोलेड स्क्रीनमध्ये निळे पिक्सेल सगळ्यात लवकर थकतात, त्यामुळे जी गोष्ट स्क्रीनवर एकाच जागी तासन्‌तास उजळ राहते तिचा डाग पडतो. खालच्या तीन बटणांऐवजी जेश्चर वापरा, स्क्रीन टाइमआउट ३० सेकंद ठेवा, ब्राइटनेस ऑटोवर सोडा. टेम्पर्ड ग्लास लावल्यावर फिंगरप्रिंट नीट घेत नसेल तर जुने फिंगरप्रिंट डिलीट करून नवीन ग्लासवरून परत नोंदवा, नव्वद टक्के वेळा एवढ्यानं सुटतं.

अमोलेडवर हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ येण्याचा प्रकार बऱ्याच ब्रँडमध्ये दिसलाय. ती आली की रीसेट करून जात नाही, पॅनल बदलणं हाच उपाय, फक्त आधी कंपनीला विचारा कारण काही मॉडेलना वॉरंटी संपल्यावरही पॅनल बदलून दिलेत. आणि यावरून एक महत्त्वाचं: स्क्रीन पूर्ण गेली तर टच चालत नाही, टच चालत नाही तर पासकोड टाकता येत नाही, आणि मग आतला डेटा समोर असून हाताला लागत नाही. फोटो आणि चॅटचा ऑटो बॅकअप आज चालू करा, टू-फॅक्टरचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

आयपी६८ (पाणी-धूळ रोखण्याचं रेटिंग) ही प्रयोगशाळेत, गोड्या पाण्यातली, नव्या फोनची चाचणी असते. आतल्या गॅस्केट वयानं कडक होतात, एकदा पडला की फ्रेम किंचित वाकते, त्यामुळे तिसऱ्या वर्षीचा आयपी६८ फोन साधाच फोन समजा. आयपी५४ तर फक्त शिंतोड्यांपुरतं. समुद्राचं पाणी आणि साबणाचं पाणी दोन्हींपासून लांब.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: फोटो धूसर यायला लागले की आधी मायक्रोफायबरनं लेन्सची काच पुसा, मग बाकी शंका. मेन कॅमेराच वापरा, आणि तुमच्या मॉडेलसाठी जीकॅमचा, म्हणजे गूगलच्या कॅमेरा अ‍ॅपचा, नीट चालणारा पोर्ट (तुमच्या फोनसाठी जुळवून घेतलेलं व्हर्जन) असेल तर टाकून बघा, अशा फोनांत सेन्सर बरा असतो, कमी पडतं ते कंपनीचं प्रोसेसिंग, आणि रात्रीच्या फोटोत हा फरक लगेच दिसतो.

सोडायचा कधी

पॅच बंद आणि रोजचं बँकिंग त्याच फोनवर, ही जोडी झाली की नवा घ्या. बोर्डवरचा बिघाड, म्हणजे नेटवर्कच जाणं किंवा सारखं आपोआप रीस्टार्ट होणं, यात पैसे घालू नका. स्क्रीन फुटली तर तिचा खर्च आणि फोनची आजची सेकंड हँड किंमत समोरासमोर ठेवा, खर्च निम्म्याच्या वर गेला आणि अपडेट वर्षभरच उरले असतील तर सोडा. नुसती बॅटरी गेली असेल आणि अपडेट चालू असतील तर मात्र सोडू नका, बदला.

कोणाला देताना किंवा विकताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप, मग व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेची अ‍ॅप्स नव्या फोनवर सुरू झालीत का ते बघणं, मग सेटिंगमधून गूगल अकाउंट आणि कंपनीचं अकाउंट दोन्ही काढणं, लॉक स्क्रीन काढणं, आणि शेवटी सेटिंगमधूनच फॅक्टरी रीसेट. अकाउंट न काढता बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट केला तर फोन चालू होताना जुना गूगल पासवर्ड मागतो आणि समोरचा माणूस अडकून बसतो. ई-सिम असेल तर ते आधी नव्या फोनवर हलवा, रीसेट करताना ई-सिम ठेवायचं की पुसायचं असं विचारतात तिथे पुसा.